सल्याचं पुढं काय झालं?

२०१६च्या मे महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावात दुसरा विषयच नव्हता. ‘सैराट’ दुसऱ्यांदा बघून आलेल्या आणि तिसऱ्यांदा बघायला निघालेल्या पोरांनी एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीचे सगळे बाक अडवून धरले होते. शेवटच्या दृश्याबद्दल कुणाला बोलता येत नव्हतं, म्हणून सगळे पहिल्या भागाबद्दलच बोलत होते. विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, क्रिकेट. माझा एक वर्गमित्र बराच वेळ गप्प होता. ग्लास खाली ठेवत तो म्हणाला, “ते सगळं खरंय. पण सल्याचं पुढं काय झालं?”

कुणाला काही कळलं नाही.

“अरे, आर्ची-परश्या गेले रेल्वेत बसून. मार खाल्लेले सल्या आणि लंगड्या मागं राहिले की. त्यांना रोज त्याच चौकातनं जायचंय. त्याच माणसांच्या गाड्या समोरनं येणार. कसे राहिले असतील?”

“तू काढ पार्ट टू,” असं कुणीतरी म्हणालं आणि विषय हसण्यावारी गेला. विचारणाऱ्यानं नुकतंच झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. आम्ही बाकीचे बहुतेक जण पुण्याला निघालो होतो किंवा आधीच जाऊन सुट्टीला आलो होतो. त्याचा प्रश्न सिनेमाबद्दल होता तसा आमच्याबद्दलही होता, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. तेव्हापासून लहान शहराबद्दलचं मराठी पुस्तक वाचताना, सिनेमा बघताना मी सल्याला शोधतो. तो सहसा सापडत नाही. जो सापडतो तो एक तर बाहेरून आलेला असतो किंवा बाहेर निघालेला असतो.

आमच्या गावातल्या वाचनालयात कपाटांवर पत्र्याच्या पट्ट्या होत्या, अजूनही आहेत. ऐतिहासिक, विनोदी, रहस्य, ग्रामीण, अनुवादित. शहरी अशी पट्टी नव्हती, कारण ज्याला पट्टी नाही ते सगळं शहरातलंच, असं गृहीत होतं. आम्ही राहायचो त्या जागेसाठी मात्र पट्टीच नव्हती. नगरपालिका, कोर्ट, तीन बँका, एक कॉलेज, आठवड्याचा बाजार आणि मागच्या बाजूला लगेच ऊस, असल्या जागेला काय म्हणायचं? ‘निमशहरी’ हा शब्द आहे, पण तो सरकारी परिपत्रकातला वाटतो. घरी आपण ‘गाव’ म्हणतो, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे लोक त्याच जागेला ‘तालुका’ म्हणतात आणि पुण्यात कुणी विचारलं की आपण जिल्ह्याचं नाव सांगून मोकळे होतो.

आनंद यादवांची ‘झोंबी’ अर्थातच ‘ग्रामीण’च्या कपाटात असायची. १९८७चं हे आत्मकथन, १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. ते आपण खेड्यातल्या पोराच्या शिक्षणाची गोष्ट म्हणून वाचतो आणि ते चुकीचं नाही. पण ‘झोंबी’ घडते कागलात. कागल म्हणजे राजर्षी शाहू महाराज दत्तक जाण्याआधी ज्या घाटगे घराण्याचे होते, त्या घराण्याची जहागीर, तालुक्याचं ठिकाण. शाळा गावात आहे, बाजार गावात आहे आणि मळा गावाबाहेर. त्या पोराची सगळी झोंबाझोंबी या दोन टोकांमधल्या अंतराशी आहे. मळ्यातून शाळेत पळायचं, शाळेतून बापाच्या धाकानं मळ्यात परतायचं. कागल तालुका नसतं, निव्वळ खेडं असतं, तर पळून जायला शाळाच समोर नसती. मोठं शहर असतं, तर मळाच नसता. म्हणजे ज्या पुस्तकाला आपण ग्रामीण साहित्याचा नमुना मानलं, त्याच्या मधोमध एक लहान शहर उभं आहे. कपाटावरच्या पट्टीमुळे ते आपल्याला दिसलं नाही. यादवांना ते दिसत होतं की नाही, हा वेगळा विषय. माझं म्हणणं वाचणाऱ्यांबद्दल आहे.

आता बाहेरून आलेल्यांकडे वळू. भालचंद्र नेमाड्यांच्या चांगदेव चतुष्टयाइतकं लहान शहर मराठी कादंबरीत दुसरीकडे क्वचितच आलं असेल. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या १९७५ ते १९७९ या काळातल्या चार कादंबऱ्या. चांगदेव पाटील मुंबई सोडतो आणि इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात जात राहतो. नेमाडे स्वतः अहमदनगर, धुळे, औरंगाबाद इथं शिकवत होते. खोली शोधणं, जात बघून खोली देणारे-नाकारणारे मालक, संस्थाचालकांचं राजकारण, प्राध्यापकांचे जातवार कंपू, संध्याकाळी कुठं जायचं हा रोजचा प्रश्न. साठ-सत्तरच्या दशकात महाराष्ट्रभर लहान गावांत कॉलेजं निघाली, त्यांनी गावांचं काय केलं आणि गावांनी त्यांचं काय केलं, हे समजून घ्यायला मला या चार पुस्तकांइतका दुसरा आधार सापडलेला नाही.

तरी एक गोष्ट खटकते. ‘बिढार’ या शब्दातच ती आहे. बिढार म्हणजे उचलून न्यायचा संसार. चांगदेवला गाव दिसतं ते सामान न सोडलेल्या माणसाला दिसतं तसं. त्याची चीड खरी आहे, नजर तीक्ष्ण आहे, पण त्याच्याकडे एक सोय आहे जी त्याच्या विद्यार्थ्यांकडे नाही. तो राजीनामा देऊ शकतो. कादंबरी त्याच्याबरोबर पुढच्या गावाला निघून जाते. त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला, पुढं त्याच कॉलेजात क्लार्क म्हणून चिकटलेला आणि त्याच संस्थाचालकाला तीस वर्षं नमस्कार करत राहिलेला मुलगा, त्याची कादंबरी कुठं आहे?

सिनेमातही बदलीवर आलेला माणूस आहेच. अविनाश अरुणच्या ‘किल्ला’मध्ये (२०१५) नवऱ्याच्या मृत्यूनंतर सरकारी नोकरीतली आई अकरा वर्षांच्या चिन्मयला घेऊन पुण्याहून कोकणातल्या गावात बदलून येते. ऑफिसात फायलीवर सही करण्यासाठी तिच्यावर दबाव येतो, पोराला हळूहळू मित्र मिळतात, पाऊस पडतो आणि शेवटी पुन्हा बदली. हा सिनेमा मला फार आवडतो आणि म्हणूनच त्याच्याशी भांडावंसं वाटतं. त्या गावाचा पाऊस, समुद्र, किल्ल्याच्या भिंती इतक्या सुंदर आहेत, कारण ते चिन्मयच्या आठवणीत राहणारं गाव आहे. पण बंड्या मागं राहतो. आईनं ज्या फायलीसाठी त्रास सोसला, ती फाईल पुढच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जाणार. तिच्यात ज्यांच्या जमिनी असतील, त्यांची बदली होत नसते. ‘वळू’मध्ये (२००८) तर उमेश कुलकर्णीनं या रचनेचीच गंमत केली आहे. फॉरेस्ट ऑफिसर मोकाट वळू पकडायला गावात येतो आणि त्याचा भाऊ कॅमेरा घेऊन सगळ्याचं चित्रण करत बसतो. बाहेरून येणारा आणि त्याचं बघणं, दोन्ही चेष्टेचे विषय होतात. गाव त्या दोघांना पुरून उरतं.

पु. लं.चा अंतू बर्वा आपण पाठ म्हणतो. ‘व्यक्ती आणि वल्ली’तला हा माणूस खेड्यातला नाही, रत्नागिरीतला आहे, म्हणजे जिल्ह्याच्या लहान शहरातला. गावात वीज आली तेव्हा त्याची तक्रार काय होती, आठवतं? उजेड झाला की घराची पडझड तेवढी नीट दिसायची, त्यापेक्षा अंधार बरा, अशा अर्थाची. लहान शहराच्या विकासावर मराठीत इतकी कडू टीका दुसरी नसेल आणि ती आपण विनोद म्हणून हसून सोडून दिली. तीही आपल्यापर्यंत पोचते मुंबईहून आलेल्या जावयाच्या कानांनी. रत्नागिरी पु. लं.ची सासुरवाडी. जावयाला गाव आपली सर्वांत चांगली वाक्यं ऐकवतं, घरातली भांडणं ऐकवत नाही.

तुम्ही म्हणाल, लेखक बाहेरचा असला तर बिघडलं काय? बिघडलं काही नाही. पण हेच बघणं फक्त कादंबऱ्या-सिनेमांपुरतं असतं, तर मी हा लेख लिहिला नसता. राज्य चालवणारेही लहान शहराकडे असंच बघतात.

७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ला लागू झाली. तिनं घटनेत जे २४३-क्यू कलम आणलं, त्यात नगरपंचायत कुणासाठी, तर ग्रामीणकडून नागरीकडे संक्रमण होत असलेल्या क्षेत्रासाठी. संक्रमण. म्हणजे घटनेच्या भाषेतही ही जागा वाटेवरची. आणखी काहीतरी व्हायची आहे, अजून झालेली नाही. जनगणनेची व्याख्या वेगळीच. लोकसंख्या किमान ५०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, की ते शहर. बाईच्या कामावरून गाव शहर ठरत नाही. या तीन अटी पूर्ण करणारी, पण नगरपालिका नसलेली अशी ठिकाणं देशात २००१ला १३६२ होती, २०११ला ३८९४ झाली. दहा वर्षांत अडीच हजारांवर गावं जनगणनेच्या हिशेबात शहरं झाली आणि कारभाराच्या हिशेबात ग्रामपंचायतीच राहिली.

महाराष्ट्रात उलटंही झालं. तालुक्याच्या ज्या गावांना ग्रामपंचायत होती, तिथं नगरपंचायत करायचा निर्णय २०१४मध्ये झाला. एका सकाळी सरपंच गेले आणि नगराध्यक्ष आले, ग्रामसेवक गेले आणि मुख्याधिकारी आले. रोजगार हमी ही ग्रामीण भागाची योजना, त्यामुळे नगरपंचायतीच्या हद्दीतल्या मजुराला ती दुरावली. त्याच्या हातचं काम दुसऱ्या दिवशी शहरी झालेलं नव्हतं. घरपट्टीचा कागद मात्र बदलला.

आणि हा मुख्याधिकारी कोण? बदलीवर आलेला माणूस. चांगदेव पाटलासारखाच भाड्याची खोली शोधत आलेला आणि बॅग पूर्ण न उघडलेला. मी हे कुणा एका अधिकाऱ्याला दोष द्यायला म्हणत नाही, अनेक जण जीव तोडून काम करतात. पण गावाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा राबवायची जबाबदारी दोन-तीन वर्षांसाठी आलेल्या माणसावर असते, हा योगायोग नाही.

त्या आराखड्याबद्दल समीक्षकानं खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली शहराचा विकास आराखडा होतो, ज्याला सगळे ‘डीपी’ म्हणतात. आमच्या नगरपालिकेच्या भिंतीवर तो नकाशा टांगलेला होता. त्यात हिरव्या रंगात बगीचा होता, क्रीडांगण होतं, भाजी मंडई होती, शाळेसाठी जागा होती, बारा मीटर आणि अठरा मीटर रुंदीचे रस्ते होते. लहानपणी मी त्या नकाशासमोर उभं राहून आमचं घर शोधायचो आणि ते ज्या गावात असायला हवं होतं, ते गाव बघत बसायचो. आमच्या गावाबद्दल लिहिली गेलेली सर्वांत मोठी काल्पनिका तीच. कायद्यात अशी तरतूद आहे की आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत काही झालं नाही, तर आरक्षण उडतं. एकेक हिरवा चौकोन असा उडत जातो आणि तिथं गाळे येतात. लहान शहरात विकास म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. गाळे, स्वागत कमान, बायपास आणि पुतळ्याभोवतीचं सुशोभीकरण. बायपास झाला की स्टँडसमोरचा धंदा बसतो. आमच्याकडची ती रसवंतीही आता नाही.

हे सगळं ज्या एका सिनेमाला आतून कळलं होतं, तो म्हणजे ‘देऊळ’. उमेश कुलकर्णीचं दिग्दर्शन, गिरीश कुलकर्णीचं लेखन, २०११. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि बहुतेक ठिकाणी श्रद्धेच्या बाजारीकरणावरची टीका म्हणून त्याची चर्चा झाली. मला तो आधी एक लहान शहर कसं जन्माला येतं याची गोष्ट वाटतो. मंगरूळ. केश्याला हरवलेल्या गाईच्या मागं फिरताना झाडाखाली डोळा लागतो आणि दत्त दिसतो. गावात अण्णांनी हॉस्पिटलची योजना आखलेली आहे, भाऊंनाही ती पटलेली आहे. मग बातमी पसरते, पोरं पेटतात आणि भाऊंच्या लक्षात येतं की देवळानं जे होईल ते हॉस्पिटलनं होणार नाही.

इथं सिनेमा भाऊंना खलनायक करत नाही, हे त्याचं मोठेपण. नाना पाटेकरांनी रंगवलेल्या या माणसाचा हिशेब अगदी बरोबर आहे. हॉस्पिटलला डॉक्टर लागतो आणि डॉक्टर गावात राहत नाही. देवळाला नारळ लागतात, हार लागतात, चहा लागतो, पार्किंग लागतं, लॉज लागतो आणि हे सगळं गावातलाच माणूस पुरवू शकतो. बेकार पोरांना पहिल्यांदाच करायला काही मिळतं. हातात पैसे खेळतात. रस्ता होतो. विकासाच्या सगळ्या खुणा दिसायला लागतात आणि प्रसूतीसाठी बाईला पूर्वी जिथं न्यावं लागायचं, तिथंच न्यावं लागतं. जनगणनेच्या अटी लावल्या, तर मंगरूळ काही वर्षांत शहर ठरेलही, कारण पुरुष शेतीबाहेर पडलेच आहेत. शेवटी केश्या मूर्तीच पळवून नेतो, तर गाव नवी मूर्ती आणून बसवतं. देव बदलून चालतो, गाळे हलवून चालत नाहीत. ‘देऊळ’मध्ये बाहेरून आलेला नायक नाही. सगळे तिथलेच, सगळे मागं राहणारे, म्हणून त्यातलं नुकसान कुणाच्या आठवणीत जाऊन सुंदर होत नाही.

जमिनीच्या व्यवहाराबद्दल ‘मुळशी पॅटर्न’नं (२०१८) सुरुवात चांगली केली होती. जमीन विकून बसलेला बाप आणि त्याचा पोरगा. पण तो लवकरच कोयते आणि गाड्यांकडे वळला. गुंठ्या-गुंठ्यानं गाव विकलं जातं तेव्हा बहुतेक ठिकाणी गोळी सुटत नाही. भावाभावांत बोलणं बंद होतं, एवढंच होतं. त्या अबोल्याचा सिनेमा अजून कुणी काढलेला नाही.

आता पुन्हा ‘सैराट’. मित्राचा प्रश्न डोक्यात ठेवून मी तो अलीकडे परत बघितला. पहिला भाग मला पूर्वीपेक्षा जास्त थोर वाटला. करमाळा तालुक्यातला तो सगळा मुलूख नागराज मंजुळे कुणाला समजावून सांगत नाहीत. ते स्वतः तिथल्या जेऊरचे. पुढाऱ्याच्या हस्ते चषक, मैदानावरचं लाउडस्पीकरचं समालोचन, गॅरेज, विहिरीवरची पोरं, हे काही ‘ग्रामीण’ म्हणून सजवलेलं नाही. वर्गात प्रिन्स मास्तरच्या कानाखाली वाजवतो ते दृश्य बघा. नेमाड्यांना संस्थाचालकांबद्दल शेकडो पानांत जे सांगायचं होतं, ते तिथं काही सेकंदांत आहे. फरक एवढाच, की चांगदेवच्या कादंबरीत आपण मास्तरच्या बाजूनं बघतो, इथं वर्गाच्या बाजूनं. मार मास्तरला बसतो, पण तिथंच पुढं राहायचं असतं ते वर्गाला.

मग रेल्वे येते आणि सिनेमा हैदराबादला जातो. शहराचं कौतुक मंजुळे करत नाहीत; झोपडपट्टी, वास, भीती, कारखान्यातलं काम, सगळं आहे. आर्ची तिथं घडत जाते आणि तो भाग ज्यांना कंटाळवाणा वाटला, त्यांच्याशी माझं पटत नाही. पण गाव आता फक्त फोनमधून येतं आणि शेवटी रक्तातून. सल्या आणि लंगड्या जवळजवळ गायब होतात. मी याला दोष म्हणत नाही, प्रेमकथेला तिच्या माणसांबरोबर जावंच लागतं. तरी शंभर कोटींचा टप्पा ओलांडणाऱ्या या पहिल्या मराठी सिनेमानं दिलेला नकाशा असा आहे: लहान शहर म्हणजे जिथून पळायचं आणि जे पाठलाग करत येतं. तिथं राहून वाकडं जगता येतं का, हे त्यालाही सांगता आलेलं नाही. आर्चीसारख्या मुलीबद्दल तर अजिबातच नाही. एसटीची शेवटची गाडी किती वाजता, यावर जिचं कॉलेज ठरलं, जी नंतर पार्लर चालवते, बचत गटाचे हप्ते गोळा करते आणि जिच्या कामावरून गाव शहर ठरत नाही, तिची गोष्ट मला अजून कुठंच भेटलेली नाही.

इथं मला स्वतःलाच अडवावं लागतं. राहणाऱ्यांची गोष्ट हवी, असं म्हणताना गावाचं गुणगान होण्याचा धोका आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ (१९८०) वाचलेल्या माणसाला तो परवडणार नाही. या पुस्तकांत तालुक्याचं गाव म्हणजे शाळा आणि बोर्डिंग. तिथं अपमान आहेच, पण खेड्यात जो प्रत्येकाला तुमच्या सात पिढ्यांसकट पाठ असतो, त्यातून थोडीशी सुटका आहे. तालुक्याच्या हॉटेलात कप कुणाचा हे विचारलं गेलं तरी विचारावं लागलं, हाही एक बदल होता. तेव्हा जे निघून गेले, त्यांना पळपुटे म्हणायचा अधिकार मला नाही. जाणं ही काहींची हौस होती, काहींची गरज. आपल्या साहित्यानं दोन्हींची नोंद ठेवली. फक्त जो गेला नाही, तो का गेला नाही, एवढंच विचारायचं राहिलं.

राहणाऱ्यांनी मात्र वाट बघितलेली नाही. साताऱ्याकडची ‘गावाकडच्या गोष्टी’, बारामतीकडची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ या यूट्यूबवरच्या मालिका तुम्ही बघितल्या असतीलच, निदान घरच्यांना बघताना पाहिलं असेल. तिथं कुणी बदलून आलेलं नाही. माणसं एकमेकांशी बोलतात आणि आपण ऐकतो. त्यांत ढिसाळपणा आहे, उपदेश आहे आणि मला वाटतं, खरी ठिणगी पडायची जागा आली की विनोद वळसा घालून निघून जातो. ज्यांना उद्या त्याच पारावर बसायचंय, त्यांना हे टाळता येत असेल का, मला सांगता येत नाही. चांगदेवला स्पष्ट बोलता आलं, कारण त्याचं बिढार बांधलेलं होतं.

मालेगावचं उदाहरण आणखी जुनं. ते तालुक्याचं ठिकाण असलं तरी मोठं आहे, महानगरपालिका आहे. पण सिनेमाच्या नकाशावर ते लहानच. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखनं तिथं ‘मालेगाव के शोले’ काढला, नंतर यंत्रमागावर काम करणाऱ्या एका हडकुळ्या माणसाला सुपरमॅन केलं. फैझा अहमद खानचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट त्यावरच आहे आणि रीमा कागतीचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५मध्ये आला. मराठी समीक्षेत मी मालेगावबद्दल फारसं वाचलेलं नाही. भाषा तिथली उर्दू-हिंदी, वस्ती मुसलमान यंत्रमाग कामगारांची, त्यामुळे महाराष्ट्रातल्या लहान शहराची गोष्ट म्हणून ती आपल्याला आठवत नसावी. आपल्या पट्ट्या कपाटांवरच असतात असं नाही.

परवा गावी गेलो होतो. मित्राच्या दुकानात आता तीन कॉम्प्युटर आहेत. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, पोलीस भरतीचा फॉर्म, पीक विमा, घटस्फोटाच्या अर्जाचं टायपिंग. गावातल्या प्रत्येक घराचा कागद त्याच्या हाताखालून जातो. कुणाची जमीन कुणाच्या नावावर झाली, कुणाचा पोरगा कितव्यांदा परीक्षा देतोय, कुणाच्या सुनेनं माहेरचं आडनाव परत लावून घेतलं, हे त्याला आधी कळतं आणि तो कुणाला सांगत नाही. मी त्याला म्हणालो, तुझ्या त्या प्रश्नावर लेख लिहितोय. त्याला प्रश्न आठवत नव्हता. मी आठवण करून दिली.

“सल्या ना?” तो म्हणाला. “असेल की. गॅरेज असेल त्याचं बायपासला.”

तेवढ्यात एक आजी बँकेचं पासबुक आणि आधार घेऊन आल्या. अंगठा उमटत नव्हता. त्यानं ओलं फडकं पुढं केलं, “पुसा आजी, परत ठेवा,” म्हणाला आणि मशीन त्यांच्याकडे फिरवलं.